पेटीत राहिलेली गाणी

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



महोत्सव समितीने आम्हांस बोलावणे पाठविले तेव्हा विषय आमच्यावरच सोपविला होता. आम्ही पडलो शाळेतले शिक्षक. तेव्हा शिक्षणाविषयी चार शब्द बोलू अशी सर्वांची कल्पना असावी, आणि खरे सांगायचे तर आमचीही होती. परंतु त्याच आठवड्यात न्यासाच्या कचेरीतील माळ्यावरून पत्र्याच्या दोन ट्रंका खाली उतरविण्यात आल्या. वार्षिक मेळावे, हळदीकुंकू, शाहिरी कार्यक्रम, कोणाच्या घरचा बारशाचा समारंभ, अशा अनेक प्रसंगी भरलेल्या कॅसेटी त्यांत निघाल्या. काहींवर नाव आहे, काहींवर नुसते साल आहे, पुष्कळशांवर काहीच नाही. या कॅसेटींतील निवडक गाणी पेनड्राइव्हवर भरून महोत्सवाची भेट म्हणून प्रत्येक कुटुंबास द्यावी, अशी सूचना पुढे आली. सूचना प्रेमाची आहे यात शंका नाही. तथापि आमचे मत असे पडले की याबाबतीत घाई करू नये. ते मत ऐकून काही मंडळी थोडी नाराज झाली, हेही आम्हांस ठाऊक आहे. मत दिले की त्याचे कारणही दिले पाहिजे. ते कारण सांगण्यासाठी आम्हांस फार लांबच्या, अमेरिकेतल्या एका बाईची हकीकत सांगावी लागणार आहे. थोडा धीर धरावा. फिरून आपण याच दोन ट्रंकांपाशी येणार आहोत.

या बाईंचे नाव एलिझाबेथ ईटन कॉन्व्हर्स. जन्म ३ ऑगस्ट १९२४, न्यू हॅम्पशायर संस्थानातील लकोनिया या गावी. संस्थान म्हणजे तिकडचे घटक राज्य, राजेरजवाड्यांचे नव्हे. वडील बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक, दारूबंदीचे कडवे पुरस्कर्ते. घरातले वळण कडक. मुलगी हुशार, शाळेत पहिली आली, शिष्यवृत्ती मिळवून माउंट होलिओक या नामांकित महिला महाविद्यालयात गेली, आणि दोन वर्षांनी ते शिक्षण अर्धवट सोडून न्यूयॉर्कला निघून गेली. आईवडिलांना काय वाटले असेल ते येथे बसलेल्या आईवडिलांना आम्ही सांगावयास नको. न्यूयॉर्कमध्ये तिने एका छापखान्यात नोकरी धरली, ग्रीनिच व्हिलेज या कलावंतांच्या वस्तीत लहानशी जागा घेतली, आणि ‘कॉनी’ हे नवे नाव लावले. गिटार ती आपली आपणच शिकली. १९५० च्या सुमारास तिने स्वतः गाणी रचून, स्वतः चाली लावून, स्वतःच म्हणावयास सुरुवात केली.

ही गोष्ट आज आपणांस फार विशेष वाटणार नाही. आपल्याकडे शाहीर स्वतःच कवने रचतो व स्वतःच डफावर थाप देऊन म्हणतो. त्यात नवल ते काय? परंतु त्या काळच्या अमेरिकेत गीत लिहिणारा एक, चाल लावणारा दुसरा आणि गाणारा तिसरा अशी वाटणी असे. लोकगीते गाणारे होते, पण ते बहुधा जुनी, परंपरेने आलेली गीते गात. गिटार घेऊन एकट्याने बसावे, स्वतःच्या मनातले स्वतःच्या शब्दांत म्हणावे, हा प्रकार पुढे दहा वर्षांनी सर्वतोमुखी झाला. कॉनी कॉन्व्हर्स ते आधीच करीत होत्या. आवाज मोठा नव्हता, शब्दोच्चार मात्र स्वच्छ. गाण्यांत थोडा विनोद, थोडी विद्वत्ता, आणि एकट्या राहणाऱ्या स्त्रीच्या मनाचे असे काही कोपरे की ज्यांविषयी तेव्हा कोणी गात नसे.

आता दुसरे गृहस्थ. जीन डाइच. यांचे नाव येथे कोणी ऐकले नसेल, पण यांचे काम येथल्या प्रत्येक लहान मुलाने पाहिले असण्याचा संभव आहे, कारण ‘टॉम अँड जेरी’ या मांजर-उंदराच्या व्यंगपटांपैकी १३ यांनी पुढे १९६१-६२ मध्ये प्रागमध्ये राहून तयार केले. यांचा जन्म ८ ऑगस्ट १९२४ चा, म्हणजे कॉनी कॉन्व्हर्स यांच्याहून पाच दिवसांनी धाकटे. यांना ध्वनिमुद्रणाचे वेड. फितीवर ध्वनी मुद्रित करणारी यंत्रे सर्वसामान्यांस नवी होती त्या काळात हे आपल्या हेस्टिंग्ज-ऑन-हडसन येथील घरी मित्रमंडळी जमवीत आणि गाणाऱ्याचे गाणे फितीवर उतरवून घेत. १९५४ मध्ये कॉनी कॉन्व्हर्स त्या घरी गेल्या, गिटार घेऊन बसल्या, आणि पाहुण्यांपुढे गायिल्या. फीत फिरत राहिली.

डाइच यांनी खटपट केली म्हणून त्याच वर्षी सीबीएसच्या दूरचित्रवाणीवर वॉल्टर क्रॉन्काइट यांच्या सकाळच्या कार्यक्रमात त्यांना गाण्याची संधी मिळाली. त्यातून पुढे काही निघाले नाही. एकही तबकडी बाजारात आली नाही. १९५६ मध्ये त्यांनी आपल्या धाकट्या भावासाठी स्वतःच ध्वनिफीत तयार केली, तिला ‘म्युझिक्स’ असे नाव देऊन तिचे दोन भाग पाडले, आणि ती त्याला पाठवून दिली. भाऊ फिलिप हे पुढे राज्यशास्त्राचे थोर प्राध्यापक झाले. मतदार मत कसे ठरवितो यावरील त्यांचे काम त्या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास वाचावे लागते. १९६१ मध्ये न्यूयॉर्क सोडून कॉनी कॉन्व्हर्स मिशिगनमध्ये ॲन आर्बर येथे या भावाच्या गावी राहावयास गेल्या. त्याच वर्षाच्या जानेवारीत बॉब डिलन नावाचा एक पोरगेलासा गायक गिटार घेऊन ग्रीनिच व्हिलेजमध्ये येऊन दाखल झाला होता. त्याचे पुढे काय झाले ते सर्व जगास माहीत आहे. २०१६ मध्ये त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ॲन आर्बरला त्यांनी प्रथम सचिवाचे काम केले, आणि १९६३ पासून आंतरराष्ट्रीय कलहांचा अभ्यास करणाऱ्या एका विद्वन्मान्य नियतकालिकाच्या त्या व्यवस्थापक संपादक झाल्या. काम मनापासून केले. १९७२ च्या अखेरीस ते नियतकालिक येल विद्यापीठाकडे गेले. मन खचले. स्नेह्यांनी वर्गणी जमवून त्यांना काही महिने इंग्लंडला पाठविले, त्याचाही उपयोग झाला नाही. १९७४ च्या ऑगस्टमध्ये, वयाला ५० वर्षे पुरी होऊन फार दिवस झाले नव्हते, त्यांनी घरच्यांना व स्नेह्यांना निरोपाची पत्रे लिहिली, आपल्या लहानशा फोक्सवॅगन मोटारीत सामान भरले आणि त्या निघून गेल्या. त्यानंतर त्यांचे काय झाले ते आजतागायत कोणासही समजलेले नाही.

सुमारे दहा वर्षांनी कुटुंबाने एका खासगी गुप्तहेराकडे शोधाचे काम देऊ केले. त्याने दिलेला जबाब आमच्या मनात घर करून राहिला आहे. तो म्हणाला, बाई सापडल्या तरी निघून जाण्याचा त्यांना हक्क आहे, मी त्यांना ओढून परत आणू शकत नाही. कुटुंबाने ते मानले व शोध थांबविला.

आता पाहा, माणूस निघून गेले, पण दोन ठिकाणी काही राहिले. एक, डाइच यांच्याजवळच्या फिती. ते १९५९ मध्येच प्रागला गेले होते व तेथेच स्थायिक झाले. दुसरे, भावाच्या घरी ठेवलेले खणांचे कपाट. त्यात कॉनी कॉन्व्हर्स यांनी आपली पत्रे, चित्रे, गाण्यांचे कागद व ध्वनिफिती नीट लावून ठेवल्या होत्या. नुसत्या कोंबल्या नव्हत्या. लावून ठेवल्या होत्या. एवढे कष्ट ज्या व्यक्तीने आपल्या कागदांसाठी घेतले, तिला ते नाहीसे व्हावेत अशी इच्छा असेल असे आम्हांस वाटत नाही. ज्याला नाहीसे करावयाचे असते तो चूल पेटवितो.

१९७४ पासून ३० वर्षे काहीही घडले नाही. जानेवारी २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक रेडिओवर डेव्हिड गार्लंड यांच्या कार्यक्रमात ७९ वर्षांचे डाइच पाहुणे म्हणून आले आणि आपल्या जुन्या फितींपैकी एक गाणे त्यांनी लावले. ते गाणे कॉनी कॉन्व्हर्स यांचे होते. डॅन झुला नावाच्या एका तरुण श्रोत्याच्या कानी ते पडले आणि त्याच्या डोक्यातून जाईना. पुढे त्याने व डेव्हिड हर्मन या त्याच्या मित्राने डाइच यांना गाठले, भाऊ फिलिप यांना गाठले, प्रागच्या फिती व ॲन आर्बरच्या फिती एकत्र ताडून पाहिल्या, आणि मार्च २००९ मध्ये ‘हाउ सॅड, हाउ लव्हली’ या नावाने १७ गाण्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. गाणी गायिल्यापासून अर्धशतक उलटले होते. पुढे २०१४ मध्ये हॉवर्ड फिशमन या संगीतकार-लेखकाने त्यांच्या पियानोवरील गीतरचना दुसऱ्या गायिकेकडून गाऊन घेऊन प्रसिद्ध केल्या. २०२३ मध्ये त्याच फिशमन यांनी लिहिलेले मोठे चरित्र आले, आणि भावासाठी केलेली ती ‘म्युझिक्स’ ध्वनिफीतही त्याच वर्षी तबकडीच्या रूपाने निघाली. फिलिप यांचे निधन २०१४ मध्ये झाले व डाइच यांचे २०२० मध्ये. दोघांनीही बाईंचा आवाज लोकांपर्यंत गेलेला पाहिला.

ही हकीकत वर्तमानपत्रांतून सांगितली जाते तेव्हा बहुतेक वेळा बाई नाहीशा कशा झाल्या यावरच भर असतो. आम्हांस ते रुचत नाही. कोणी निघून गेले म्हणजे त्यांच्या गाण्याची किंमत वाढत नाही, आणि गाणे चांगले असले म्हणजे निघून जाणे हे काही रम्य प्रकरण ठरत नाही. असो.

आम्हांस ज्याचा विचार करावयाचा आहे ती गोष्ट निराळी आहे. ज्या बाई सर्वांना सोडून गेल्या, ज्यांना शोधू नये असे शेवटी कुटुंबानेही मान्य केले, त्यांची गाणी बाजारात आणण्याचा अधिकार कोणाला? हा प्रश्न आम्ही आमच्या शाळेतील दहावीच्या वर्गासही घातला होता. मुलांची दोन तट पडले. एक मुलगी म्हणाली, “सर, त्या बाईंनी कुठे परवानगी दिली होती?” तिचे म्हणणे आम्हांस खोडून काढता आले नाही, आणि आजही पुरते खोडून काढता येत नाही. तथापि आम्ही असे समजतो की गाण्याचे व पत्राचे एकच माप लावता येणार नाही. ही गाणी त्यांनी पाहुण्यांपुढे गायिली होती, दूरचित्रवाणीवर गायिली होती, ती लोकांनी ऐकावीत म्हणून न्यूयॉर्कमध्ये दहा वर्षे खटपट केली होती. ज्या दाराशी त्या स्वतः उभ्या होत्या तेच दार उशिरा उघडले. शिवाय हे काम चोरून झाले नाही. ज्याच्याजवळ फीत होती त्याला विचारले, आणि ज्या भावाच्या घरी कपाट होते त्याला विचारले. त्यांची खासगी पत्रे मात्र छापावीत की नाहीत याविषयी आमचे मन अजून डळमळते, आणि तेथे आम्ही त्या मुलीच्या बाजूचे आहोत.

न विचारता, निव्वळ प्रेमापोटी काय होते त्याचेही उदाहरण आहे, आणि योगायोग असा की तेही १९७४ सालचेच. इंग्लंडमध्ये निक ड्रेक नावाचा एक तरुण गायक-कवी होता. त्याच्या हयातीत तीन तबकड्या निघाल्या, त्या फारशा खपल्या नाहीत, आणि नोव्हेंबर १९७४ मध्ये वयाच्या २६ व्या वर्षी तो गेला. पुढे त्याचे चाहते त्याच्या आईवडिलांच्या घरी येऊ लागले. मुलगा गमावलेले ते वृद्ध जोडपे त्यांना चहा पाजी, त्याची खोली दाखवी, आणि त्याने घरी मुद्रित केलेल्या गाण्यांच्या प्रतीही देई. कोण आईबाप देणार नाहीत? पण त्या प्रतींच्या प्रती निघाल्या, त्यांच्याही प्रती निघाल्या, आणि बिनपरवाना, निकृष्ट ध्वनीच्या तबकड्या बाजारात विकल्या जाऊ लागल्या. शेवटी कुटुंबाने २००७ मध्ये त्या घरगुती फिती नीट निवडून, मूळ प्रतींवरून, स्वतःच्या देखरेखीखाली ‘फॅमिली ट्री’ या नावाने प्रसिद्ध केल्या. त्यात बहीण गॅब्रिएल यांनी दिवंगत भावास उद्देशून लिहिलेले पत्र जोडलेले आहे. ज्याची परवानगी घेता येत नाही त्याला निदान पत्र लिहावे, हा विचार आम्हांस फार माणुसकीचा वाटला.

या घरची आणखी एक गोष्ट आमच्या भगिनीवर्गासाठी सांगितली पाहिजे. निकची आई मॉली ड्रेक या स्वतः गाणी रचीत व पियानोवर म्हणत, केवळ घरात. त्यांचे पती रॉडनी यांनी ती १९५० च्या दशकात घरीच मुद्रित करून ठेवली. मॉली १९९३ मध्ये वारल्या, आणि त्यांची गाणी स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली ती त्यानंतर जवळजवळ २० वर्षांनी. २०१३ मध्ये ती ज्यांनी जगभर पोचविली ते हेच झुला व हर्मन, ज्यांनी कॉनी कॉन्व्हर्स यांची गाणी काढली होती. या मॉलीबाई महायुद्धात ब्रह्मदेशातून निघून दिल्लीस येऊन राहिल्या होत्या आणि आपल्या बहिणीबरोबर दिल्लीच्या आकाशवाणीवर गायिल्या होत्या. पुढे इंग्लंडला गेल्यावर त्यांचे गाणे दिवाणखान्यापुरते राहिले. ‘ती घरात गुणगुणते’ असे ज्यांच्याविषयी म्हणून आपण विषय संपवितो, अशा किती जणी आपल्या घरांत होऊन गेल्या याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

नाव लिहून ठेवण्याचे महत्त्व किती, ते वुडी गथ्री या अमेरिकेच्या थोर लोककवीने जेवढे ओळखले तेवढे थोड्यांनी ओळखले असेल. २८ जानेवारी १९४८ रोजी कॅलिफोर्नियात लॉस गॅटोस खोऱ्यात एक विमान कोसळून ३२ जण मेले. त्यांपैकी २८ जण मेक्सिकोस परत पाठविले जाणारे शेतमजूर होते. बातम्यांत वैमानिकादिकांची नावे आली, मजुरांची आली नाहीत. या एका गोष्टीने संतप्त होऊन गथ्री यांनी कविता लिहिली. तिला चाल दुसऱ्याने लावली, आणि ते गाणे जगभर इतरांनी गायिले. त्या मजुरांची नावे कोरलेला दगड फ्रेस्नोच्या दफनभूमीत उभा राहिला तो २०१३ मध्ये, म्हणजे ६५ वर्षांनी. आणि स्वतः गथ्री यांच्या आवाजातले ते गाणे लोकांस ऐकावयास मिळाले ते २०२५ मध्ये. १९५१-५२ च्या सुमारास त्यांच्या प्रकाशकाने त्यांस एक ध्वनिमुद्रण यंत्र दिले होते. त्यावर त्यांनी ब्रुकलिनच्या राहत्या घरी गाणी भरून ठेवली होती. त्या फितींतून ‘वुडी ॲट होम’ हा संग्रह निघाला. पूर्वी कधीच कोणी न ऐकलेली १३ गाणी त्यात आहेत. गथ्री १९६७ मध्ये वारले होते. फिती त्यांच्या वारसांच्या संग्रहात सांभाळलेल्या होत्या.

या फितींवर आवाज व गिटार एकातच मिसळलेले होते. आजच्या संगणकाच्या साहाय्याने ते वेगळे करून मग पुन्हा तोलून बसविले आहेत. यापूर्वीही त्यांच्या १९४९ मधील नेवार्क येथील एका कार्यक्रमाचे तारेवर केलेले मुद्रण २००७ मध्ये असेच प्रसिद्ध झाले होते. पूर्वी बारीक पोलादी तारेवरही ध्वनी मुद्रित करीत. ही तार ताणली गेल्याने आवाज कधी पळे, कधी रेंगाळे. केव्हिन शॉर्ट या गणिताच्या प्राध्यापकांनी गणित करून तिची चाल सरळ केली, आणि पुढच्या वर्षी त्या कामाला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. गणिताचा उपयोग काय असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांस आम्ही हे उदाहरण मुद्दाम देतो. परंतु एक पथ्य आहे. फितीचा दोष काढणे वेगळे आणि गाणाऱ्याचा दोष काढणे वेगळे. आपल्याकडील उत्साही मंडळी जुन्या गाण्यामागे आजचा तबला व बासरी भरतात. ते करू नये. खोकला, भांड्याचा आवाज, मध्येच ‘पुन्हा म्हणते हं’ असे म्हटलेले, हे सर्व राहू द्यावे. आणि केलेच काही, तर मूळची प्रत जशीच्या तशी अलग ठेवावी.

हे परदेशातच होते असे कोणी समजू नये. आपल्या मराठी मुलखात हेमा राइरकर व गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांतील कित्येक बायांच्या आवाजात मुद्रित केल्या, आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या इंटरनेटवर क्रमाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. प्रत्येक ओवीपाशी गाणारणीचे नाव आहे, गाव आहे, आणि कार्यकर्ते त्या गावी पुन्हा जाऊन त्या बाईस वा तिच्या लेकीसुनांस भेटून आले आहेत. दळणारी बाई कोणत्या जातीधर्माची हे जाते विचारीत नाही. आमच्या दख्खनच्या सूफी संतांनीही बायकांना दळताना म्हणावयास ‘चक्कीनामे’ रचून दिले होते. आमच्या नानी असे काही म्हणत, एवढे आम्हांस आठवते.

नानींचा उल्लेख आला, तेव्हा आता कबुलीही दिलीच पाहिजे. आमच्या मामांनी एकदा नानींची गाणी कॅसेटीवर भरली होती. लग्नघरची, पाळण्याची, आणि दोन-तीन त्यांनी स्वतः जुळविलेली, अर्धी दख्खनीत, अर्धी मराठीत. मामा माहितगार होते. कॅसेटीच्या पाठीवर प्लास्टिकचे दोन चिमुकले दात असतात, ते मोडले म्हणजे तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. ते त्यांनी मोडून ठेवले होते. आम्ही तेव्हा दहावीत होतो. रेडिओवर आवडत्या सिनेमाची गाणी लागणार होती, कोरी कॅसेट घरात नव्हती, आणि मोडलेल्या दातांच्या भोकांत कागदाचा बोळा कोंबला की यंत्र फसते हे ज्ञान आम्हांस मित्रांकडून मिळाले होते. कॅसेटीवर काही लिहिलेले नव्हते. आम्ही बोळा कोंबला. नानी त्यानंतर वर्षभराने पैगंबरवासी झाल्या, आणि चाळिसाव्याच्या दिवशी मामांनी ती कॅसेट मागितली. मामा रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “मी वर नाव घातलं नव्हतं का रे?” त्यांनी दोष स्वतःकडे घेतला. आम्ही आता चाळिशी ओलांडली, तरी ते वाक्य ऐकू येते. ती कॅसेट आमच्याजवळ आहे. दोन्ही बाजूंना सिनेमाची गाणी आहेत.

आता ट्रंकांकडे येतो. आम्ही व ग्रंथपाल महाशयांनी वरवर पाहिले तेव्हा आपल्या न्यासाच्या एका दिवंगत सभासदांनी स्वतः रचून स्वतः गायिलेल्या पदांच्या काही कॅसेटी त्यांत आढळल्या. आपल्यापैकी वयस्क मंडळींस ते गृहस्थ आठवत असतील. मेळाव्यात शेवटचे गाणे त्यांचेच असे. त्यांचे नाव आम्ही येथून उच्चारीत नाही, कारण त्यांच्या दोन मुलींना अद्याप कोणी विचारलेले नाही. एक पुण्यास आहे व दुसरी परदेशी. पेनड्राइव्ह छापखान्यातून आलेल्या पत्रिकेप्रमाणे वाटून मोकळे होण्याआधी त्यांना पत्र जावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. त्यांनी हो म्हटले तर आनंद आहे, आणि एखाद्या गाण्यास नको म्हटले तर ते गाणे ट्रंकेत सुखाने राहील. वडिलांची काही पदे फक्त घरासाठी असू शकतात, आणि ती कोणती हे समितीस कळणार नाही.

समितीने आमचे म्हणणे ऐकून घेतले याबद्दल आम्ही ऋणी आहोत. ठरले आहे ते असे. येत्या रविवारपासून चार रविवार, दुपारी तीन ते सहा, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत नोंदीचे काम चालेल. प्रथम एकही कॅसेट वाजवावयाची नाही. जुन्या फिती ठिसूळ झालेल्या असतात, चिकटलेल्या असतात; घरच्या धूळभरल्या यंत्रात घालून ‘बघू लागते का’ असे केले की ती शेवटचीच वेळ ठरते. आधी कव्हरावरचे सर्व अक्षर जसे आहे तसे वहीत उतरवून घ्यावयाचे, मग जाणकाराच्या हाताने एकदाच वाजवून तिची प्रत करावयाची. प्रत करीत असता वृद्ध मंडळींनी शेजारी बसावे आणि आवाज ओळखावेत. आमची नववीची मुले वही घेऊन बसणार आहेत. त्यांचे अक्षर आम्ही तपासून घेतले आहे. एखादा आवाज कोणाचा याविषयी दोघांचे मतभेद झाले तर दोन्ही नावे लिहावीत, भांडण लावू नये.

ज्यांच्या घरी अशा कॅसेटी आहेत त्यांनीही त्या घेऊन याव्यात. नाव नसले तरी आणाव्यात. नाव नसलेल्याच अधिक आणाव्यात. आणि कोणाच्या घरी वाढत्या वयाची मुले असतील तर कॅसेटीच्या पाठीवरची ती दोन भोके एकदा पाहून घ्यावीत, आत कागद आहे का ते.